अंधुक तेजोमेघांच्या मागे लागलेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. मोठी दुर्बीण घेऊ का, असं विचारलं आहेस. एवढ्यात घेऊ नकोस. तुला सिमाईस 147, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा तो तंतूंसारखा पसरलेला अवशेष, टिपायचा आहे ना? तो आकाशात सुमारे तीन अंश पसरलाय, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने मावतील एवढा. मोठ्या दुर्बिणीत त्याचा एखादा कोपराच येईल. शिवाय पसरलेल्या तेजोमेघाचा किती प्रकाश एका पिक्सेलवर पडतो हे एफ-रेशोवर, म्हणजे दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले तिचा व्यास यावर, ठरतं. सेन्सर तोच ठेवलास तर एफ/10 पेक्षा एफ/5 वर प्रत्येक पिक्सेलला चौपट प्रकाश मिळतो. तुझी छोटी, वेगवान दुर्बीण या कामाला उत्तम आहे.

हवा आहे तो वेळ. एच-अल्फातला, म्हणजे हायड्रोजनच्या लाल प्रकाशातला, पाच मिनिटांचा एक सब (एक सुटं एक्स्पोजर) उघडलास तर तारे दिसतील आणि त्यांच्यामध्ये नुसती खरखर. कितीही स्ट्रेच कर, म्हणजे अंधुक भाग ताणून उजळव, तंतू दिसायचे नाहीत. पण ते त्या फ्रेममध्ये आहेत, नॉईजखाली दबलेले. सिग्नल वेळेच्या पटीत वाढतो, नॉईज वेळेच्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणजे चार तासांचं चित्र दुप्पट स्वच्छ करायचं तर सोळा तास लागणार. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की या मोसमात एकच लक्ष्य धर. रोज नवा तेजोमेघ शोधण्यात रात्री वाटून गेल्या, तर एकाचाही अंधुक भाग हाती लागत नाही.

आकाशातल्या उजेडाचं काय, हाही तुझा प्रश्न होता. सॉफ्टवेअर तो उजेड वजा करतं हे खरं, पण त्या उजेडाबरोबर आलेला नॉईज वजा होत नाही, तो चित्रात राहतोच. त्याला सेन्सरपर्यंत पोचूच न देणं हा खरा उपाय. हायड्रोजनचा प्रकाश 656.3 नॅनोमीटरला येतो. त्याच्याभोवतीची तीन नॅनोमीटरची फट सोडून बाकी सगळं अडवणारा फिल्टर लाव. मग चांदण्या रात्रीही एच-अल्फा घेता येतं. ऑक्सिजनची रेषा, म्हणजे ओ-थ्री, 500.7 ला आहे आणि विखुरलेल्या चांदण्याचा त्रास तिला जास्त होतो, म्हणून ओ-थ्रीसाठी अमावास्येच्या आसपासच्या रात्री राखून ठेव.

आता फ्लॅट्स, म्हणजे दुर्बीण-कॅमेऱ्यातले डाग काढण्यासाठी एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे घेतलेले फोटो. याबद्दल मी हट्टी आहे. तेजोमेघ पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम एक टक्का उजळ असेल, तर फ्लॅटमधली एका टक्क्याची चूकही तेवढीच उजळ दिसणार. फिल्टरवरच्या धुळीच्या कणाचं ते राखाडी कडं, कोपऱ्यातला काळोख, सगळं स्ट्रेच केल्यावर वर येतं आणि आपण त्यालाच तेजोमेघ समजून बसतो. कॅमेरा फिरवला, फोकस हलवला की फ्लॅट्स नव्याने घे. दोन सबच्या मध्ये डिदरिंगही, म्हणजे दुर्बीण किंचित सरकवणं, चालू ठेव, नाहीतर सेन्सरचे डाग एकावर एक बसून तिरपे ओरखडे उमटतात. आणि एखादा पुसट पट्टा दिसला की रात्रींचे दोन गट करून प्रत्येकाचे सब वेगवेगळे स्टॅक कर, म्हणजे एकत्र मिसळ. दोन्हींत असेल तरच तो आकाशातला असण्याची शक्यता धर. फ्लॅटची चूक मात्र दोन्हींत सारखीच येईल, तेव्हा एका गटात कॅमेरा फिरवून घे.

ही काटेकोर तपासणी वाया जात नाही रे. विल्यमिना फ्लेमिंग यांना 1888 साली मृग नक्षत्रातला अश्वशीर्ष तेजोमेघ सापडला तो हार्वर्ड वेधशाळेच्या काचेच्या प्लेटवर. आणि आपल्या काळातलं सांगायचं तर देवयानी दीर्घिका. तिचे किती फोटो निघाले असतील! तरी 2022 मध्ये ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेन्टी या हौशी मंडळींना तिच्या शेजारी ओ-थ्रीची दीड अंश लांबीची कमान सापडली. एकूण शंभराहून अधिक तासांचं एक्स्पोजर, आणि इतरांनी वेगळ्या दुर्बिणींनी केलेली पडताळणी, तेव्हा कुठे ती पक्की झाली. हे वाचल्यावर मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

तयार केलेलं चित्र पाठवलंस तरी चालेल, पण मला खरं तर तुझे कच्चे सब आणि फ्लॅट्स हवेत. तू पत्रात लिहिलेली, चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातली ती लालसर झाक मला तपासायची आहे. ती खरी असेल तर पुढचे सगळे तास त्याच बाजूला लावू.

तुझा मित्र