गरिबांना नावं ठेवण्याआधी

मा. संपादक, नमस्कार.

परवा तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र होतं की गरीब देशातले लोक नुसती पोरं काढत बसतात आणि श्रीमंत देशांनी बघा कसं कंट्रोल केलंय. वाचून डोकंच फिरलं, म्हणून लिहितेय.

माझ्या आजीची नऊ बाळंतपणं, जगली पाच. कुठलं गोवरात जाईल, कुठलं हगवणीत, काही भरवसा नाही, मग दोनवर थांबणार कोण?

बांगलादेश बघा ना. १९७५ च्या सुमारास बाईमागे सहाच्या वर मुलं होती, आता सव्वादोनच्या आसपास, आणि देश काही मोठा श्रीमंत झाला नाही. तिथं काय केलं तर गावातल्याच बायका कामाला घेतल्या, पडद्यामुळे ज्या घराबाहेर पडत नव्हत्या त्यांच्या दारात जाऊन या बायका गर्भनिरोधक गोळ्या द्यायच्या. ऐंशीच्या दशकात ब्रॅक या तिथल्या स्वयंसेवी संस्थेच्या बायकांनी घरोघरी आयांना शिकवलं, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, जुलाब लागले की पाजायचं. पोरं जगायला लागली, मुली शाळेत गेल्या, पुढे गारमेंट फॅक्टरीत. चीनसारखी कायद्याची सक्ती नाही. (चीनने १९८० पासून एकाच मुलाची सक्ती केली, आता तीन होऊ द्या म्हणतायत तर कोणी ऐकत नाही!)

आणि श्रीमंतांनी कंट्रोल केलं म्हणे. दक्षिण कोरियात १९६० ला बाईमागे सहा मुलं, २०२३ ला ०.७२. सरकार पैसे देतंय तरी होत नाहीत, कारण घरं परवडत नाहीत, पोरांचे क्लास इतके की सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास घ्यायला बंदी घालावी लागली, बायकांना पगार पुरुषांपेक्षा तीसेक टक्के कमी आणि मूल झालं की बऱ्याच जणींची नोकरी सुटते ती सुटतेच. याला कंट्रोल नाही, नाइलाज म्हणतात.

आपल्याकडचंच घ्या, २०१९-२१ च्या सरकारी सर्व्हेत शाळेत न गेलेल्या बायकांना सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांना १.८. बिहार ३, महाराष्ट्र १.७. म्हणजे आपणही कोरियाच्याच रस्त्याला लागलोय. पुण्यात आयटीत असलेल्या भाचीला मागच्या दिवाळीत विचारलं, दुसऱ्याचं काय गं, तर काही न बोलता मोबाईलवर डे-केअरची पावती काढून दाखवली.

– एक वाचक, मिरज