वजन नको, पकड किती ते छापा

संपादक महोदय, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात म्हाताऱ्या उंदरांचे स्नायू औषधाने पुन्हा तरुण झाले अशी बातमी होती. ती आईने मला वाचून दाखवली आणि विचारलं, हे औषध आपल्याकडे कधी येणार? आई ७६ वर्षांची आहे, लोणच्याच्या बरणीचं झाकण तिला उघडत नाही, खाली बसली की उठताना भिंत धरावी लागते, त्यामुळे ती आशेने विचारणारच. पण मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये सहा वर्षं उंदरांची पकड मोजायचंच काम केलंय, म्हणून बातमी दोनदा वाचली, तर त्यात स्नायूंचं वजन वाढलं एवढंच होतं, ताकद वाढली का आणि ती कशी मोजली यावर एक ओळ नाही.

वजन वाढलं म्हणजे ताकद वाढली असं होत नाही हो. १९९७ साली अमेरिकेत से-जिन ली यांच्या लॅबने मायोस्टॅटिनचं, म्हणजे स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या प्रथिनाचं, जीन बंद केलेले उंदीर तयार केले, त्यांचे स्नायू नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते. पुढे दुसऱ्या संशोधकांनी मोजलं तेव्हा कळलं की स्नायूच्या आकाराच्या मानाने जोर कमीच पडतो. बिमाग्रुमॅब या औषधाचंही तेच, सार्कोपेनिया, म्हणजे वयामुळे स्नायू आणि ताकद घटणं, झालेल्या वयस्कर माणसांचे स्नायू त्याने वाढले पण चालण्या-उठण्यात, औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा ते काही पुढे गेले नाहीत, आणि व्यायाम व आहार दोन्ही गटांना सारखाच होता.

आता मोजतात कसं ते सांगते. आमच्याकडे काळे उंदीर असायचे, सी५७ ब्लॅक सिक्स जातीचे, २४ महिन्यांचा झाला की तो साधारण आपल्या सत्तरीतला माणूस समजायचा. शेपटीच्या मुळाशी धरून त्याला ग्रिप मीटरच्या जाळीवर आणायचं, त्याने पंजे रोवले की सरळ मागे, एकसारखं ओढायचं, पंजे सुटले की स्क्रीनवर सगळ्यात मोठा आकडा थांबतो. ऐकायला सोपं आहे पण खरी गोची इथेच आहे, हिसका दिला की आकडा वेगळा येतो, माणूस बदलला की वेगळा, आणि चार-पाच वेळा ओढल्यावर उंदीर कंटाळून जाळी धरतच नाही, तो अशक्तपणा नसतो पण रीडिंग अशक्तासारखंच येतं. म्हणून मध्ये विश्रांती द्यायची, रोज एकानेच मोजायचं, आणि कोणत्या पिंजऱ्याला औषध चाललंय हे मोजणाऱ्याला अजिबात माहीत नसावं. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण माहीत असलं की हात आपोआप जरा जास्त वेळ ओढतो, मी स्वतः अनुभवलंय.

उंदराच्या मनावर अवलंबून नको असेल तर त्याला भूल देतात, पाय छोट्या पट्टीवर बांधतात, नसेला विजेचा हलका झटका देतात आणि पाऊल किती जोराने दाबलं जातं ते मोजतात. तिथे कंटाळ्याचा प्रश्नच येत नाही. दोन्ही पद्धतींनी एकच उत्तर आलं तर मी विश्वास ठेवीन.

माणसांमध्येही पकड हीच पहिली खूण धरतात. आशियाई तज्ञांच्या २०१९ च्या निकषांत पुरुषांची २८ किलोपेक्षा आणि बायकांची १८ किलोपेक्षा कमी पकड म्हणजे ताकद कमी. २०१५ मध्ये आलेल्या प्युअर नावाच्या मोठ्या अभ्यासात भारतासकट १७ देशांतल्या जवळपास १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजली होती, आणि मृत्यूचा अंदाज वरच्या बीपीपेक्षा पकडीवरून चांगला येतो असं त्यात दिसलं. इतकं साधं मोजमाप, तरी किती दवाखान्यांत मोजतात?

तर विनंती एवढीच की उंदरांची अशी बातमी देताना ताकद मोजली का, कोणत्या पद्धतीने, उंदीर किती महिन्यांचे होते आणि मोजणाऱ्याला गट माहीत होता का, हे चार शब्दांत तरी द्या. घरोघरी आईसारखी माणसं ही बातमी कापून ठेवतात.

आईला मी १९९० च्या एका अमेरिकन प्रयोगाबद्दल सांगितलं, त्यात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या लोकांनी आठ आठवडे वजनं उचलून पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढवली होती. मग फिजिओकडे तिची पकड मोजली, १३ किलो आली. आता आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून उठबस आणि पायाला वजन बांधून व्यायाम चालू आहे, दोन महिन्यांनी त्याच फिजिओकडे परत मोजणार आहोत.

आपली एक वाचक, कोथरूड, पुणे