टकळीखालची वाटी

एडिंबरा,
२२ जून

तीर्थरूप आई, बाबा आणि मोठ्या मायला साष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण फोनवर आपलं बोलणं ‘जेवलीस का’, ‘पाऊस पडला का’ आणि ‘आवाज तुटतोय’ याच्या पुढे जात नाही. मोठी माय तर मोबाइल कपाळाला टेकवून धरते आणि मला दहा मिनिटं छताचा पंखा बघत बसावं लागतं. म्हणून हे पत्र. आईने ते मोठ्या मायला वाचून दाखवावं. मोठ्याने, आणि मधलं काही गाळू नये.

इथे उन्हाळा सुरू आहे. हसू नका. काल २१ अंश होते आणि ऑफिसात सगळे उकाड्याने हैराण झालेले. मी त्यांना आपल्या अंमळनेरचा मे महिना सांगितला, ४४ अंशात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात माणूस मावत नाही म्हटलं, तर त्यांना वाटलं मी थाप मारतेय. पण इथल्या उन्हाळ्याची खरी गंमत उन्हात नाही, उजेडात आहे. सध्या सूर्य साडेचारला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. साडेसतरा तासांचा दिवस! जेवणं होतात, भांडी होतात, तरी बाहेर आपल्याकडे पाच वाजता असतो तसा उजेड. तुमची नात तर म्हणते, ‘ऊन आहे तोवर मी झोपणार नाही.’ मग मागच्या दाराच्या पायरीवर आम्ही दोघी बसतो, आणि माझ्या हातात काहीतरी असतं.

काय असतं ते सांगते. टकळी, हाताने सूत कातायची.

मोठी माय, तुला आठवतं का, मे महिन्याच्या सुटीत दुपारी तू दारं लावून माजघरात बसायचीस? पुढ्यात परडीभर कापूस. घरचाच, वेचणीतून तू बाजूला काढून ठेवलेला. आधी बोटांनी सरकी काढायची, मग कापूस पिंजून हलका करायचा, आणि चातुर्मासासाठी वाती वळायच्या. मला जवळ बसवायचीस आणि मी दहाव्या वातीला पळून जायचे. पळाले नाही तर माझ्या वाती अशा काही व्हायच्या की तू हातातली उचलून बघायचीस आणि म्हणायचीस, “वात शे व माय, दोर नही.” ते वाक्य मी तीस वर्षं विसरले होते. मागच्या महिन्यात ते एकदम आठवलं.

झालं असं. आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या पुतण्याची इथून दक्षिणेला डोंगरात मेंढरं आहेत. उन्हाळ्यात मेंढ्यांची लोकर कातरतात. एका मेंढीची लोकर एकसंध निघते, अंगावरून स्वेटर उतरवावा तशी. त्यांनी तशी एक आख्खी लोकर मला पिशवीत घालून दिली. दोन-अडीच किलो असेल. वास विचारू नका. त्या लोकरीत एक मेणचट तेल असतं, हाताला लागलं की तळवे दोन दिवस मऊ राहतात. मी विचारलं, पैसे किती देऊ? तर त्या हसल्या. म्हणाल्या, कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त आहे, घेऊन जातेस हेच खूप. बाबा, हे ऐकून मला आपल्या पुढच्या खोलीत छतापर्यंत भरलेला कापूस दिसला. ‘भाव आला की विकू’ म्हणत तुम्ही तो मार्चपर्यंत ठेवायचात, आणि आम्ही त्यावर उड्या मारून अंगाला खाज आणायचो. इथे मेंढपाळ, तिथे आपण. दोघांचाही माल जगाच्या अंगावर, आणि दोघांनाही मजुरी परवडत नाही.

असो. तर ती लोकर धुवायची कशी, यावर बाईंनी मला अर्धा तास शिकवलं. गरम पाण्यात नुसती बुडवून ठेवायची. चोळायची नाही, ढवळायची नाही, पिळायची तर अजिबात नाही. लोकरीच्या केसाला माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि नमदा होतो. हे मला आधीच माहीत होतं, कारण गेल्या वर्षी मी जावईबापूंचा नवा स्वेटर मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला होता. तो आता तुमच्या नातीच्या बाहुलीला होतो. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त बाहुली दिसली की सुस्कारा सोडतात.

कातायला बाईंनी त्यांची लाकडी चाती दिली. ही हवेत लटकवायची, गर्रकन फिरवायची आणि वरून लोकर सोडत जायची. ती हातात घेतली आणि मला एकदम आपले ठेलारी आठवले. साक्रीकडचे, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन यायचे आणि बाबा त्यांना रात्री शेतात मेंढ्या बसवायला सांगायचे, लेंडीखतासाठी. त्यांच्यातला एक म्हातारा मेंढरांमागे चालता चालता सूत काढायचा. पाय रस्त्यावर, डोळे मेंढरांवर, आणि हात आपलं काम करताहेत. मला तेव्हा वाटायचं हा काहीतरी खेळ आहे. आता कळतं, किती अवघड आहे ते. मला बसूनही जमेना. पहिल्या आठवड्याचं सूत म्हणजे कुठे सुतळी, कुठे कोळ्याचं जाळं.

पण लोकर दयाळू असते. तिचा केस बोटभर लांब, नागमोडी, एकमेकाला धरून राहणारा. पंधरा दिवसांत हात बसला. मग माझं डोकं चढलं. म्हटलं, आपण कापूसवाल्यांच्या घरातल्या, कापूस कातून बघू. इथल्या दुकानातून पिंजलेला कापूस आणला, त्याच चातीला लावला, सोडली लटकत. तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. एका संध्याकाळी मी मोजलं, एकोणीस वेळा. तुमची नात शेजारी बसून आकडे म्हणत होती.

विसाव्या वेळी मी चाती खाली ठेवली आणि नुसती बघत बसले. तेव्हा डोळ्यांपुढे आली मोठ्या मायची पितळी चकतीची टकळी. ती कधी लटकत नसायची. तिचं टोक एका छोट्या वाटीत टेकलेलं असायचं. शाळेत टकळीचा तास असायचा तेव्हापासूनची ती वाटी, एका बाजूने चेपलेली. लहानपणी मला वाटायचं वाटी फरशीवर चरा पडू नये म्हणून आहे. तसं नव्हतं! कापसाचा तंतू इंचभर. तो टकळीचं वजन पेलू शकत नाही. ते वजन वाटीने पेलायचं आणि सुताने फक्त पीळ घ्यायचा. पीळही लोकरीपेक्षा कितीतरी जास्त लागतो, नाहीतर तंतू एकमेकांवरून सटकून जातात. मी उठले, स्वयंपाकघरातून चटणीची वाटी आणली, एक सळईसारखी बारीक चाती तिच्यात उभी केली, आणि वीतभर सूत न तुटता आलं. वीतभरच. पण नात ओरडली, ‘वीस नाही झाले!’

मोठी माय, तुझे वडील १९३६ च्या डिसेंबरात चोपड्याकडून बैलगाडीने फैजपूरच्या काँग्रेसला गेले होते, आणि तिथून कातण्याचं वेड घेऊन आले, हे तू शंभर वेळा सांगितलंस. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. आम्हाला ते शाळेत चार ओळींत होतं, आणि तू सांगायला लागलीस की आम्ही डोळे फिरवायचो. आता विचारायचंय तर फोनवर पंखा दिसतो. त्यांनी तिथे काय पाहिलं, कुणाशेजारी बसून कातलं, जे आठवेल ते आईला सांग. आई लिहून घेईल.

विणकामाचं बाबांसाठी. बाबा, तुमची कानटोपी झालीय. जूनमध्ये कानटोपी म्हणून पुन्हा हसू नका. जानेवारीत रात्रपाळीची लाइट आली की तुम्ही हरभऱ्याला पाणी भरायला मफलर गुंडाळून जाता आणि मफलर बांधावर विसरून येता. टोपी डोक्यावर घट्ट बसते, विसरता येणार नाही. आईने सुतळीने माप घेऊन कळवलं होतं, तेवढ्याच घेराची आहे. कडेला दोन टाके सुलट, दोन उलट, म्हणजे ती ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येते. तीनदा उसवली. एकदा तर एक टाका सुटून सात ओळी खाली धावला आणि मला चार दिवसांनी दिसला. शेजारच्या बाईंनी क्रोशाच्या सुईने तो एकेक पायरी वर चढवत आणला, विहिरीतून बादली काढावी तसा. लोकर तीच, मीच कातलेली. म्हणून टोपी एका जागी जाड आहे. ती जागा मागे ठेवा.

बागेचं फार सांगण्यासारखं नाही. दोन खाटांएवढी जागा. मेथी आली, बटाटे बरे आहेत. कोथिंबीर लावली की पानं धरायच्या आत फुलावर येते, कारण एवढ्या लांब दिवसाने तिला वाटतं आपलं आयुष्य संपत आलं. गोगलगाई भयंकर. शंख नसलेल्या, बोटाएवढ्या, रात्री येऊन आख्खी रोपं खातात. त्यांच्यासाठी जावईबापूंनी वाटीत बिअर ओतून ठेवली (बाबांनी हे वाक्य ऐकलं नाही असं समजावं). वांग्याची चार रोपं खिडकीत कुंडीत आहेत, बाहेरची थंडी त्यांना सोसत नाही. पण ती जांभळी, आपली हिरवी भरताची नाहीत. शिवाय कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळाशिवाय भरीत करायचं म्हणजे काय, हे मी गॅसवर करून बघितलंय. सालीला खमंग वास येतो तो घरात कुठेच नसतो. बी पाठवू नका, इथे तपासणीचा दाखला लागतो.

वाचन मात्र भरपूर. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या गावात साहित्य संमेलन झालं तेव्हा बाबांनी पोतंभर पुस्तकं घेतली होती. त्यातली मी आणलेली अकरा संपत आली. ती संपली की इथलं वाचनालय आहेच. शहराच्या मधोमध मोठी दगडी इमारत, १८९० सालची. तिच्यासाठी कार्नेगी नावाच्या पोलादवाल्याने ५०,००० पौंड दिले होते. त्याने जगभर अडीच हजारांहून जास्त वाचनालयं उभी केली. मला त्याचं कौतुक वेगळ्याच कारणाने वाटलं. तो इथून खाडीपलीकडच्या डनफर्मलिन गावचा, हातमागावर कापड विणणाऱ्याचा मुलगा. वाफेचे माग आले, बापाचा माग बसला, आणि १८४८ मध्ये सामानसुमान विकून सगळे अमेरिकेला गेले. वाचता वाचता मला आपले आजोबा आठवले, मिलच्या सूतखात्यातले, भोंग्यावर घड्याळ लावणारे. आपल्याकडे उलटं झालं. मिलवाल्या प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. आजोबा म्हणायचे, “दिवसभर साच्याची खडखड ऐकली की माणसाला तत्त्वज्ञान आपोआप येतं, मंदिर कशाला?” तरी रविवारी व्याख्यान असलं की धुतलेला सदरा घालून मागच्या रांगेत जाऊन बसायचे.

आता कामाचं. आत्याचा मुलगा ऑगस्टमध्ये इकडे येणार आहे म्हणतो. त्याच्याबरोबर मोठ्या मायची टकळी पाठवावी. पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली असेल. ती नको म्हणाली तर मागू नका. पण वाटी तिची तीच हवी, चेपलेली. आणि पेळू, म्हणजे कातायच्या कापसाची वळी, किती जाड वळायचा, करंगळीएवढा की अंगठ्याएवढा, ते तिला विचारून कळवा. मी करंगळीएवढा करते, तो मधेच फाटतो.

पाऊस पडला का? खालच्या शेतात कपाशी लागली की यंदा मकाच? आखाजीला निंबाला बांधलेला झोका अजून तसाच आहे का, की दरवर्षीसारखा बाबांनी दोर विहिरीला लावला? आईने वाळवणाचे बिबडे ठेवले असतील तर चार माझ्या नावाने वेगळे काढावेत. चारच. चाळीस नाही, सामानाचं वजन असतं.

नात नमस्कार सांगते. तिला ‘तुटला’ हा शब्द आता फार छान येतो.

तुमची,
ताई

ता. क. पाकिटात कागदाच्या घडीत सुताचा एक तुकडा ठेवलाय, कापसाचा, हातभर. मोठ्या मायच्या बोटांत द्यावा. डोळ्यांना दिसणार नाही, पण बोटांना कळेल. ती जे म्हणेल ते आईने जसंच्या तसं लिहावं. दोर म्हणाली तर दोर.