एक पाट जास्तीचा

पंचवटी, नाशिक

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर, दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या विमानातल्या बेपत्ता माणसांचा शोध कसा घेतात ते सांगताना म्हणालीस, "आई, हाती लागतं काय, तर नखाएवढं हाड. त्यासाठी एवढा खटाटोप?" तेव्हा कुकर लावला होता, धड बोलता आलं नाही. शिवाय फोनवर तुझं निम्मं लक्ष दुसरीकडेच असतं. म्हणून लिहितेय.

काल भाजी घेऊन रामकुंडावरून येत होते. पायरीवर एक गृहस्थ बसलेले, मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाडगं. रात्रभर एसटीत तसंच धरून आले होते, खाली टेकवायचं नाही म्हणून. गुरुजी आले, संकल्प झाला, तरी त्यांची बोटं काही गाठीवरून सुटेनात. शेवटी गुरुजीच म्हणाले, "दादा, आता सोडा."

तू सांगितलेल्या विमानाचं बाबांना विचारलं. ओझरच्या कारखान्यात जन्मभर मिग विमानं जोडलेला माणूस, त्यांना काय, विषयच हवा होता. ब्रह्मदेशातला रस्ता जपान्यांनी तोडला आणि चीनची रसद हिमालयावरून विमानांनी न्यावी लागली. त्या वाटेला वैमानिक हंप म्हणायचे, म्हणजे उंटाची मदार. 25 जानेवारी 1944 ला बी-24 जातीचं एक अमेरिकन विमान चीनमधल्या कुनमिंगहून आसामात चाबुआला यायला निघालं, आत आठ जण. पोहोचलंच नाही. 2006 मध्ये अरुणाचलातल्या दामरोह गावाजवळच्या डोंगरात क्लेटन कुहल्स या गिर्यारोहकाला त्याचे अवशेष सापडले. अमेरिकेचं पथक तिथे खोदायला आलं ते 2015 मध्ये. आणि 2017 मध्ये रॉबर्ट ऑक्सफर्ड या 24 वर्षांच्या लेफ्टनंटची ओळख पटून तो जॉर्जियातल्या आपल्या गावी पुरला गेला. 73 वर्षांनी! त्या खेपेला ओळख पटली ती या एकट्याची. मला मात्र उरलेल्या सातांच्या घरचेच डोळ्यांपुढे येतात.

बाबा म्हणाले, "पार्टावरच्या नंबरावरून विमान ओळखता येतं. माणसाला कुठे नंबर असतो?" म्हटलं, असतो, तुमची लेक तोच वाचायला शिकतेय.

आता घरातलं सांगते. तुला हे कधी सांगितलेलं नाही. माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा धाकटा भाऊ त्याच लढाईत ब्रह्मदेशात गेला. तार आली, 'बेपत्ता'. पणजी म्हणायची, बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. बारा वर्षं तिने कुणाला काही करू दिलं नाही. मग भाऊबंदांनी पालाशविधी उरकला. पळसाची पानं आणि दर्भ यांचा माणसाएवढा पुतळा करून त्यालाच अग्नी दिला. राख गोदावरीत गेली, सुतक फिटलं, सगळं शास्त्राप्रमाणे झालं. पण त्या दिवाळीला, पहिल्या अंघोळीच्या पहाटे, पणजीने पाट मांडले ते एक जास्तीचाच. भोवती रांगोळी, शेजारी तेलाची वाटी. आजी म्हणायची, "पुतळा जळला गं, पाट काही हलला नाही." पणजी गेली त्या वर्षापर्यंत तो पाट मांडला जात होता.

तिला कुणी नखाएवढं हाड आणून दिलं असतं ना, तर तिनेही ते असंच रात्रभर मांडीवर धरलं असतं.

तूच मागे म्हणाली होतीस, पेशीतला एक डीएनए, तो मायटोकॉन्ड्रियातला, फक्त आईकडून उतरतो, म्हणून बेपत्ता माणसासाठी बहीण किंवा बहिणीची लेक शोधतात. मी बोटांवर मोजत बसले. पणजीचा तो आजीत आणि तिच्या भावात. आजीचा माझ्या आईत, आईचा माझ्यात, माझा तुझ्यात. म्हणजे तो मामाआजोबा ब्रह्मदेशात जिथे कुठे असेल, त्याची खूण तुझ्याकडे आहे. हे बरोबर आहे का, तेवढं कळव. मी बारावीला जीवशास्त्रात काठावर पास.

आणि सुट्टीत येशील तेव्हा डीएनएचा नमुना घ्यायला गालाच्या आतून फिरवायची ती कापसाची काडी घेऊन ये. आपल्या उपयोगाची नसेलही. माझं नाव-गाव घालून कुठे ठेवता येतं का, एवढं तुमच्या सरांना विचार.

मेतकूट आणि भाजणी वेगळ्या पुड्यांत बांधलीय, मागच्यासारखी एकत्र करू नकोस.

तुझी,
आई