जर्मनीत घर शोधणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त श्टुटगार्टला राहतो. ऑक्टोबरचं सत्र जवळ आलं की गावाकडून फोन सुरू होतात : ‘पोराला घर मिळालंय, मालक परदेशात आहे, दोन महिन्यांचं भाडं पाठवलं की चावी कुरिअरने येणार.’ कृपा करून पाठवू नका. चावी येत नाही.

इथल्या कायद्याने अनामत रक्कम मूळ भाड्याच्या (हीटिंग-पाणी वगळून) तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देता येते. दलाली २०१५ पासून, ज्याने एजंट नेमला त्याच्या खिशातून.

मालक ‘शूफा’ या इथल्या पतसंस्थेचा नव्हे, तर पत तपासणाऱ्या कंपनीचा अहवाल (कर्ज-बिलं वेळेवर फेडतो की नाही, याचा) मागतात. काल उतरलेल्या पोराकडे तो कुठून असणार? पगारपावत्या किंवा विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड खात्याचा (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीकच काढायचे, असं खातं) कागद दाखवून कधीकधी भागतं.

आणि स्वयंपाकघराचं आधी विचारा! आधीचा भाडेकरू ओटा, सिंक, कपाटं उचकटून नेतो, नाहीतर तुम्हालाच विकतो. आमच्या पहिल्या घरात स्वयंपाकघर म्हणजे भिंतीतून डोकावणारे दोन पाइप आणि एक वायर. कुकर खिडकीच्या कट्ट्यावर, भांडी न्हाणीघरात. सौ. अजून ऐकवते.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी मालकाच्या सहीचं पत्र लागतं. ते देत नाही म्हणणाऱ्याचं घर कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

आपला,
एक वाचक, श्टुटगार्ट