टाळूवरचं भोक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी तीस वर्षं पितळेचं ओतकाम करतो. मेणाचा नमुना करायचा, वर मातीचे थर चढवायचे, मेण वितळून वाहून गेलं की त्या पोकळीत रस ओतायचा. वस्तू काढायला साचा फोडावाच लागतो. दुसरी हवी तर पुन्हा मेणापासून सुरुवात. म्हणून युरोपातल्या एका मोठ्या संग्रहालयात बेनिनचे, म्हणजे आजच्या नायजेरियातल्या जुन्या राज्याचे, ओतीव फलक पाहताना माझे पाय जागचे हलेनात. जग त्यांना 'ब्राँझ' म्हणतं, पण बहुतेक काम पितळेचंच आहे. एका योद्ध्याच्या गळ्यात बिबट्याच्या दातांची माळ, छातीवर घंटा, आणि मागची मोकळी जागाही चार पाकळ्यांच्या नक्षीने भरलेली. तेवढी नक्षी मेणात काढायला किती दिवस बसावं लागलं असेल, ते मला कळतं.

पुढे राजाचं मस्तक होतं. टाळूवर मोठं गोल भोक. शेजारच्या मुलाने वडिलांना विचारलं, "हे फुटलंय का?" वडिलांनी पाटी वाचली. शतक होतं, धातू होता, नोंदणी क्रमांक होता. भोकाबद्दल अक्षर नव्हतं.

ते फुटलेलं नाही. नवा ओबा, म्हणजे बेनिनचा राजा, गादीवर आला की दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ मस्तक ओतून घेई. ते पितरांच्या वेदीवर ठेवत आणि त्या भोकात कोरीव हस्तिदंत उभा करत. फेब्रुवारी 1897 मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर घेतलं, ओबा ओवोनरामवेन यांना कालाबारला हद्दपार केलं आणि राजवाडा लुटला. वेदीवरून उचललेलं मस्तक मग काचेआड नुसतं 'शिल्प' झालं.

परत द्या म्हटलं की ब्रिटिश म्युझियम संग्रहातल्या वस्तू देऊन टाकायला आडकाठी करणाऱ्या 1963 च्या कायद्याकडे बोट दाखवतं. पण त्याच लंडनमधल्या हॉर्निमन म्युझियमने 2022 साली 72 वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, बर्लिननेही त्याच वर्षी पाचशेहून अधिक वस्तूंची. मालकी परत द्यायलाच हवी, हे माझं ठाम मत आहे. वस्तू जिथे आहेत तिथे तोवर निदान मस्तकावर दंत उभा करून दाखवा, वेदीचं चित्र शेजारी लावा. बेनिन शहरातल्या इगुन रस्त्यावर आजही ओतारी भट्ट्या पेटवतात. पाटी लिहिताना त्यांना विचारा. आणि कारागिराच्या जागी 'अज्ञात' लिहू नका. त्या माणसाचं नाव हरवलं असेल, पण ओबासाठी पितळ ओतणाऱ्या संघाचं नाव माहीत आहे: इगुन एरोनम्वोन. ते लिहा.

आपला,
एक ओतारी