दार उघडतं कोण?

खानापूर,
आषाढ

प्रिय दोस्ता,

तुझी तीनही प्रकरणं मिळाली. दुकान बंद करून एका बैठकीत वाचून काढली. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, भूतकथेला याहून चांगला मुहूर्त कुठला? तरी मधेच उठून मी एकटा परसात जाऊन आलो. यावरून काय ते समज.

रागावू नको लेका. जांबोटीच्या पुढचं रान, रस्त्यात आडवा उभा राहिलेला गवा, बंगल्याच्या कौलांवरचं शेवाळ, सगळं झकास उतरलंय. पण पहिल्या प्रकरणात हडळ, दुसऱ्यात नळातून रक्त, तिसऱ्यात खवीस! एवढी वरात निघाली की वाचणारा घाबरत नाही, आता पुढं कोण नाचत येतंय ते बघत बसतो.

मग काही कादंबऱ्या वाचून झोप का उडते, असं तू विचारलंस. मला तरी वाटतं, भूत दाराबाहेर किती भयंकर आहे हे फारसं महत्त्वाचं नसतं. आतली कडी कोण काढतं आणि का, यात सगळी मेख आहे.

स्टीफन किंगची ‘पेट सेमेटरी’ (१९८३) घे. लुई क्रीड हा डॉक्टर, घरासमोरच ट्रकचा रस्ता. मुलीचं मांजर गाडीखाली मरतं. शेजारचा म्हातारा लुईला रानात एका जुन्या दफनभूमीवर घेऊन जातो, तिथं पुरलेलं मांजर दुसऱ्या दिवशी परत येतं. पण अंगाला मातीचा कुबट वास, चाल बदललेली, नजर बदललेली. इथपर्यंत ठीक आहे. मग त्याच रस्त्यावर त्याचा तान्हेपणातून नुकता बाहेर आलेला मुलगाही मरतो. आता परत काय येईल हे लुईला ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे. तरी तो फावडं उचलतो, आणि वाचताना आपल्या तोंडून ‘नको’ निघत नाही रे! मनातल्या मनात आपण त्याच्याबरोबर चालायला लागलेलो असतो. किंगच्या मुलीचं मांजर खरंच रस्त्यावर मेलं होतं आणि धाकटा मुलगा एकदा तशाच रस्त्याकडे धावत सुटला होता. आपण फारच पुढं गेलो असं वाटून त्यानं हस्तलिखित काही वर्षं बाजूला ठेवलं होतं.

आपल्याकडचंच बघ की. नव्वदच्या दशकात बेंगळुरात आवई उठली होती, रात्री कुणीतरी दार वाजवतं आणि घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं. लोकांनी दारांवर ‘नाळे बा’ लिहिलं, म्हणजे उद्या ये. भुतानं रोज वाचायचं आणि रोज परत जायचं! हसू येतं खरं. पण किंचाळी ऐकून कुणी दार उघडत नाही, आईच्या आवाजाला उघडतं. आबा गेल्यावर आमच्या आईनं कितीतरी महिने मागच्या दाराची कडी लावली नव्हती. विचारलं तर म्हणायची, “मांजर येतंय जातंय.” आमच्याकडं तेव्हा मांजर नव्हतं. त्या दिवसांत आबांच्या आवाजात हाक आली असती, तर ‘नाळे बा’ तिनं स्वतःच्या पदरानं पुसलं असतं.

शर्ली जॅक्सनच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’मध्ये (१९५९) भूत धड दिसतसुद्धा नाही. एलेनॉरची उमेदीची वर्षं आजारी आईची सेवा करण्यात गेलीत, हक्काचं घर म्हणून नाही. हिल हाउस या झपाटलेल्या वाड्यात आल्यावर एका रात्री अंधारात ती मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडते, उजेड होतो तर मैत्रीण पलीकडे, आपल्या पलंगावर. मग हात कुणाचा होता? तिथं अंगावर काटा येतोच. पण मला जास्त भीती वाटली ती पुढं, त्या वाड्यात तिला बरं वाटायला लागतं तेव्हा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला ‘राहा’ म्हणतंय. ‘ड्रॅक्युला’लासुद्धा (१८९७) घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय पहिल्यांदा आत येता येत नाही, आठवतंय ना?

आपल्या नारायण धारपांच्या भयकथांवर तुझा जीव आहे, माझाही आहे. पण त्यांच्या कथांत भुतांचा बंदोबस्त करणारे समर्थ आले की मी निवांत होतो, आता हे निस्तरतील म्हणून. त्यांच्या ज्या गोष्टींत समर्थ नसतात, त्या मी रात्री वाचत नाही.

आता तुझा तो बदलीवर आलेला मास्तर. तो त्या बंगल्यात का राहतो? तुला कथा पुढं न्यायची आहे म्हणून! आणि त्याची बायको बाळंतपणात गेली, हे तू दुसऱ्या प्रकरणात एका ओळीत उरकलंयस. अरे, तीच तुझी कादंबरी आहे. हडळ काढ, नळ काढ. बायकोच येऊ दे, तीही उशिरा. पांढरं लुगडं नको, मोकळे केस नकोत. न्हाणीतून नुसतं म्हणू दे, “अहो, टॉवेल राहिला बघा बाहेर.” मास्तरनं टॉवेल घेऊन उठायला हवं, आणि वाचणाऱ्याला ते बरोबर वाटायला हवं. एवढं जमलं की झालं.

खवीस मात्र ठेवू नकोसच, कितीही जीव जडला असला तरी. पुढची प्रकरणं टाईप करून पाठव. तुझं अक्षर लागता लागत नाही. ‘खवीस’ मी पहिली दोन पानं ‘खलाशी’ असंच वाचत होतो, आणि जांबोटीच्या रानात हा कुठून आला म्हणून चक्रावलो होतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दुकानदार